घोड्याला भरपाई, शेतकऱ्याला मदत



सरकारी माणसाच्या हयगयीने आपल्यातल्या कुणाचा जीव गेला, हातपाय गेला, की पुढचे सगळे ठरलेले असते. ज्वारीच्या रानात तार तुटून पडते, सरकारी दवाखान्यात भलतेच इंजेक्शन टोचले जाते, सरकारी जीप रस्त्याच्या कडेने चाललेल्याला उडवते. दोन दिवस गाव पेटते. तिसऱ्या दिवशी पुढारी येतात, सांत्वन करतात, ‘शासनाकडून मदत मिळवून देतो’ म्हणतात. मग महिनोन् महिने तहसील कचेरीचे खेटे. शेवटी चेक मिळतो, फोटो निघतो आणि प्रकरण मिटते. ज्याच्या हयगयीने घरचा कर्ता गेला तो कोणत्या टेबलावर बसला आहे, हे कुणी विचारत नाही.

माझा आक्षेप त्या ‘मदत’ या शब्दाला आहे. शेजाऱ्याचा बैल आपल्या उभ्या पिकात शिरला आणि दोन पांड ज्वारी खाऊन गेला, तर आपण शेजाऱ्याकडे मदत मागतो काय? नाही. आपण नुकसान भरून मागतो, आणि शेजारीही मान खाली घालून देतो. मग सरकारच्या तारेने माणूस मारला तर तिथे मदत कशी? सरकारी कागदावर तर याहून गोड शब्द आहे, ‘सानुग्रह अनुदान’. सानुग्रह म्हणजे कृपा करून. ज्याने नुकसान केले तोच कृपा करणार, आणि ज्याचे घर बसले त्याने हात जोडायचे! घामाच्या दामासाठी भीक नको म्हणणारे आपण, रक्ताच्या दामासाठी मात्र झोळी पसरून उभे राहतो.

सरकार चुकले तर सरकारने भरून द्यावे, हा नवा विचार नाही. इंग्रजांच्या राज्यात तो कोर्टात मान्य झाला होता, तोही एका घोड्यासाठी.

कलकत्त्याचा घोडा

कलकत्त्याला खिदिरपूरची सरकारी गोदी होती. तिथून पी. अँड ओ. या आगबोट कंपनीची घोडागाडी चालली होती. सरकारी कामगार लोखंडाचा एक जड तुकडा वाहून नेत होते. गाडी जवळ येताच त्यांनी तो वाटेतच टाकला. आवाजाने घोडा बुजला, उधळला आणि लोखंडावर जाऊन जखमी झाला. कंपनीने दावा लावला, तो थेट भारतमंत्र्यावर, म्हणजे राणीच्या सरकारवर. १८६१ साली कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की गोदी चालवणे हा धंदा आहे, तो कोणीही करू शकतो. त्यात नोकराने हयगय केली तर मालकाप्रमाणे सरकारनेही भरपाई दिली पाहिजे. भरपाई ठरली ३५० रुपये.

पण त्याच निकालात एक पळवाट राहिली. राज्यकर्ता म्हणून, म्हणजे सार्वभौम सत्ता वापरून, सरकारने जे केले असेल त्याला जबाबदारी नाही, असे न्यायाधीशांनी म्हणून ठेवले. पुढे स्वातंत्र्य आले, राज्यघटना आली. पण घटनेच्या ३०० व्या कलमाने सरकारची जबाबदारी साधारण पूर्वी होती तशीच ठेवली, संसद किंवा विधानसभा कायदा करीपर्यंत. तेव्हापासून सरकारी वकिलाच्या तोंडी एकच पालुपद आहे, ‘हे सार्वभौम काम होते.’

कोर्ट कधी इकडे झुकले, कधी तिकडे. १९५२ साली उदयपूरला कलेक्टरची जीप दुरुस्तीहून परत आणताना ड्रायव्हरने एका पादचाऱ्याला उडवले. त्याच्या विधवेला आणि लहान मुलीला १५ हजार रुपये द्यावेत, हा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली कायम केला. दोनच वर्षांनी, १९६४ साली, अमृतसरच्या एका व्यापाऱ्याला त्याच न्यायालयाने रिकाम्या हाताने परत पाठवले. पोलिसांनी त्याचे सोने जप्त केले होते आणि पोलीस ठाण्यातल्याच माणसाने ते लांबवले होते. हयगय मान्य, पण जप्ती हे सार्वभौम काम, म्हणून भरपाई नाही!

छत्तीस हजार आणि बत्तीस वर्षे

आता आपल्या महाराष्ट्रातले प्रकरण पाहू. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सरकारी रुग्णालयात १० जुलै १९६३ रोजी एक बाई बाळंतपणासाठी दाखल झाली. बाळंतपण सुखरूप झाले. १३ जुलैला तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया केली. त्यानंतर ताप आणि पोटदुखी थांबेना. १९ जुलैला पोट पुन्हा उघडले, तेव्हा आत शस्त्रक्रियेच्या वेळचा कापडी टॉवेल राहिलेला सापडला. पोटात पू झाला होता. २४ जुलैला ती गेली.

नवऱ्याने आणि मुलांनी दावा लावला. खालच्या कोर्टाने ३६ हजार रुपये मंजूर केले. सरकार अपिलात गेले. उच्च न्यायालयाने निकाल फिरवला, आणि त्यासाठी जी कारणे दिली त्यात एक होते, रुग्णालय चालवणे हे सरकारचे सार्वभौम काम! कुटुंब सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथला निकाल २० फेब्रुवारी १९९६ ला लागला, आणि तो कुटुंबाच्या बाजूने लागला. बाई गेली त्याला तोवर साडेबत्तीस वर्षे झाली होती. आईविना वाढलेली पोरे स्वतः संसारी होण्याइतका काळ लोटला. १९६३ सालच्या छत्तीस हजारांत काय आले असते आणि १९९६ साली काय, हा हिशेब तुम्हाला सांगायला नको.

तरीही ‘अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हे नाव प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्याने वहीत लिहून ठेवावे. त्यातून तीन गोष्टी कायमच्या मिळाल्या. एक, दवाखाना चालवणे हे सार्वभौम काम नाही. खाजगी डॉक्टरही तेच करतो. दोन, पोटात टॉवेल सापडला हीच हयगयीची साक्ष, तो आत का राहिला याचा खुलासा दवाखान्याने करायचा. तीन, आणि ही सगळ्यात मोठी, चार डॉक्टरांपैकी नेमका कुणाचा हात चुकला हे शोधून दाखवण्याची गरज नाही. सगळे सरकारचे नोकर, म्हणून सरकार जबाबदार. ‘कुणाची चूक ते आधी सिद्ध करा’ असे जेव्हा साहेब म्हणतात, तेव्हा त्यांना हा निकाल दाखवायचा.

आणखी एक निकाल आपल्या खतांच्या दुकानदारांशी नाते सांगणारा आहे. आंध्रात एका खत-धान्य व्यापाऱ्याचा माल १९७५ साली अधिकाऱ्यांनी जप्त केला. पुढे बराचसा माल परत देण्याचा हुकूम झाला, पण तोवर सांभाळण्यातल्या हयगयीने माल सडला. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की लोककल्याणकारी राज्यात सरकारला असल्या जुन्या कवचामागे लपता येणार नाही. त्याआधी १९८३ साली बिहारच्या रुदुल शाह प्रकरणात, निर्दोष सुटूनही १४ वर्षे तुरुंगात डांबलेल्या माणसाला, आणि १९९३ साली ओरिसाच्या नीलाबती बेहेरा प्रकरणात, पोलीस कोठडीत पोरगा गमावलेल्या आईला, थेट रिट अर्जावर भरपाई मिळाली होती. जगण्याचा मूलभूत हक्कच मोडला असेल तिथे सार्वभौमपणाची सबब चालत नाही, हे त्यातून ठरले.

तार कुणाची?

आपल्या माण, खटाव, जत, आटपाडीच्या माळावर सगळ्यांना भिडणारा प्रश्न तारेचा आहे. लोंबकळणाऱ्या तारा, वाकलेले खांब, झाकण नसलेल्या डीपीच्या पेट्या. अपघात झाला की उत्तर तयार असते, ‘कुणीतरी आकडा टाकला होता, आमचा काय दोष?’

नेमके हेच उत्तर मध्य प्रदेशच्या वीज मंडळाने दिले होते. १९९७ साली रात्री एक माणूस सायकलवरून घरी चालला होता. रस्त्यावर पावसाचे पाणी होते आणि त्यात जिवंत तार पडलेली होती. तो जागीच गेला. मंडळ म्हणाले, एकाने चोरून वीज घेण्यासाठी ती तार टाकली होती. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने ही सबब फेटाळली. जो धोक्याचा धंदा करतो, त्याने त्या धोक्याची जबाबदारीही घेतली पाहिजे. चोरी रोखणे हेही मंडळाचेच काम. हयगय वेगळी सिद्ध करण्याचीही गरज नाही. आपली महावितरण ही सरकारच्याच मालकीची कंपनी आहे. तिलाही हाच नियम.

इथे एक गोष्ट बजावून सांगतो. अपघात झाला की गाव वायरमनवर धावते. दहा-बारा वाड्यांची लाइन एकट्याच्या गळ्यात, हातात धड मोजे नाहीत, असा तो माणूस. त्याचाही जीव त्याच तारेवर जातो. त्याला मारून आपल्याला काही मिळत नाही, उलट पोरांवर केसेस होतात. आपले भांडण लाइन बदलायची मागणी वर्षानुवर्षे दाबून ठेवणाऱ्या कचेरीशी आहे.

कापूसवाल्यांना तर २०१७ साल विसरता येणार नाही. त्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले, शेकडो दवाखान्यात पडले. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे दुकाने तपासणे, नमुने घेणे, हे निरीक्षकांचे काम. आणि हे निरीक्षक म्हणजे कृषी खात्याचे अधिकारी. चौकशीसाठी पथक नेमले गेले. मृतांच्या वारसांना दोन-दोन लाख जाहीर झाले, तेही मदत म्हणूनच. तपासणी नीट झाली असती तर किती जीव वाचले असते, या प्रश्नाची किंमत त्या दोन लाखांत धरलेली नव्हती.

शहरातल्या माणसाच्या बाजूने आता कोर्ट उभे राहू लागले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमी झाल्यास ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली. चांगलेच झाले. पण मुंबईच्या खड्ड्याला दर आहे, तर जतच्या तारेला का नाही?

जिवाचा हिशेब

‘जिवाची किंमत कशी करणार?’ असे म्हणून आपणच गप्प बसतो. जिवाची किंमत होत नाही हे खरे, पण घराचे नुकसान मोजता येते. मोटार अपघातांसाठी कोर्टाने रीत घालून दिली आहे, आणि तीच रीत इतर दाव्यांतही आधाराला घेतात.

समजा, गेलेला माणूस ३८ वर्षांचा. शेती आणि मजुरी मिळून महिना दहा हजारांची कमाई, म्हणजे वर्षाला १ लाख २० हजार. मागे बायको, दोन पोरे, म्हातारी आई, असे चार जण अवलंबून. चार जण असले की त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करतात. राहिले ९० हजार. ३६ ते ४० वयाला १५ ने गुणायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली ठरवून दिले. झाले साडेतेरा लाख. कमाई पुढे वाढली असती म्हणून २०१७ च्या निकालाप्रमाणे वाढीव रक्कम, क्रियाकर्माचा खर्च आणि व्याज वेगळे. आता ही बेरीज त्या दोन लाखांच्या चेकशेजारी ठेवून पाहा.

सरकारी वकील म्हणेल, ‘जमीन तर वारसांकडेच राहिली, मग नुकसान कसले?’ मी कृषी पदवीधर आहे, म्हणून याचे उत्तर शेतीच्या भाषेत देतो. कोरडवाहूत जमीन एकटी पिकत नाही. रब्बी ज्वारीच्या पेरणीला सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा महिना, आणि त्यातही वापसा टिकतो तो चार दिवस. त्या चार दिवसांत पाभर धरणारा हात नसला तर ओल उडून जाते आणि अर्धे पीक पेरणीतच हरवते. कपाशीला फवारणी कधी आणि कोळपणी कधी, हे सातबाऱ्यावर लिहिलेले नसते. ते गेलेल्या माणसाच्या डोक्यात होते. जमीन मागे राहिली तरी ती कसणारा, सांभाळणारा गेला हे नुकसानच, ही गोष्ट न्यायालयांनीही मान्य केली आहे. घरातली बाई गेली तरी तिच्या खुरपणीची, धारेची, चुलीची किंमत धरावी लागते.

अडचण पुराव्याची. नोकरदाराकडे पगारपत्रक असते, आपल्याकडे काय? म्हणून लोणंदच्या बाजाराची कांद्याची पट्टी, ज्वारी-कापूस विकल्याच्या पावत्या, दूध संघाचे पुस्तक, सोसायटीचा उतारा, हे चुलीत घालू नका. पत्र्याच्या पेटीत ठेवा. वेळ आली तर हेच तुमचे पगारपत्रक.

कागद पहिल्या दिवसापासून

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणत आलो. ही म्हण कुणाच्या सोयीची, याचा विचार करा. पायरी चढायची तर मात्र तयारीने चढावी.

१. अपघाताआधीचा कागद सगळ्यात मोलाचा. तार लोंबकळते आहे, आरोग्य केंद्रात डॉक्टर हजर नसतो, पूल खचला आहे, अशी लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ग्रामसभेत ठराव करा. कचेरीला माहीत होते तरी केले नाही, हे त्यातूनच सिद्ध होते.

२. अपघात झाल्यावर आधी वीज बंद करवून जखमीला सोडवा. मग पंचनामा होईपर्यंत तार, खांब, वस्तू हलवू नका. पोलिसांत नोंद करा. मृत्यू असेल तर शवविच्छेदन टाळू नका, कितीही जिवावर आले तरी. विजेचा अपघात असेल तर विद्युत निरीक्षकाची तपासणी झालीच पाहिजे. त्याचा अहवाल मागा.

३. दवाखान्याचे केसपेपर लेखी मागा. अर्ज केल्यापासून ७२ तासांत ते देणे, हा डॉक्टरांच्या आचारनियमांचा भाग आहे. फवारणीची विषबाधा असेल तर औषधाचा डबा, पावती जपा आणि रक्ताची कोलिनएस्टरेज तपासणी लगेच करायला सांगा. दिवस गेले की रक्तातला पुरावा पुसला जातो.

४. लाइनच्या देखभालीची वही, आधीच्या तक्रारी, चौकशीचे अहवाल माहितीच्या अधिकारात मागवा. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत.

५. राज्य सरकारवर दिवाणी दावा लावण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ८० व्या कलमाची नोटीस लागते. ती जिल्हाधिकारी कचेरीत देता येते. काय घडले, कुणामुळे, मागणी काय, हे त्यात लिहायचे. दोन महिने थांबायचे, मग दावा.

६. मुदत पाळा. सरकारी वाहनाचा किंवा एस.टी.चा अपघात असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणात जायचे. तिथे २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची अट आली आहे. मृत्यूच्या इतर दाव्यांना दोन वर्षे. काही दाव्यांत मुदत एकच वर्ष धरली जाऊ शकते. म्हणून आपला नियम एकच, सहा महिन्यांच्या आत वकील गाठायचा.

७. सगळ्यांना फुकट उपचार देणाऱ्या सरकारी दवाखान्याविरुद्ध ग्राहक मंचात जाता येत नाही, हे १९९५ सालीच ठरले आहे. तिथे दिवाणी कोर्ट किंवा उच्च न्यायालय हीच वाट.

८. वकिलाला पैसा नाही म्हणून बसू नका. तालुका विधी सेवा समिती मोफत वकील देते. बाईने अर्ज केला तर उत्पन्नाची अटही नाही. विधवा बहिणीच्या नावे अर्ज करा.

९. मदत मिळते ती घ्या. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत मृत्यूला दोन लाख मिळतात, तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तीस दिवसांत अर्ज करा. पण ‘यापुढे कोणतीही मागणी नाही’ अशा कागदावर सही-अंगठा करू नका. ‘भरपाईचा हक्क राखून’ एवढे तीन शब्द लिहा, मगच चेक घ्या.

आपली मागणी

एकेकट्याने बत्तीस वर्षे लढायचे, हा मार्ग होऊ शकत नाही. १९५६ साली सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली पहिल्या विधी आयोगाने आपल्या पहिल्याच अहवालात सांगितले, की सरकारी नोकरांच्या हयगयीची सरकारने कोणती जबाबदारी घ्यायची, याचा कायदा करा. १९६५ आणि पुन्हा १९६७ साली विधेयक संसदेत आले आणि बारगळले. कायदा अजून झालेला नाही. शेतकऱ्याच्या जमिनीवर कमाल मर्यादा घालणारे कायदे झाले, त्याच्या मालावर झोनबंदी, निर्यातबंदी लादायला एक रात्र पुरली. सरकारच्या चुकीला बंधन घालायला मात्र सवड मिळाली नाही.

म्हणून बैठकीसमोर तीन मागण्या ठेवतो. पहिली, राज्यात भरपाईचा कायदा व्हावा. घटनेचे ३०० वे कलम विधानसभेला तो अधिकार देते. दुसरी, प्रत्येक जिल्ह्यात न्यायिक अधिकाऱ्याची समिती असावी, तिने सहा महिन्यांत भरपाई ठरवावी, आणि सरकारने अपिलात जायचे तर आधी निम्मी रक्कम कुटुंबाच्या हाती द्यावी. तिसरी, भरपाईचा पैसा चुकणाऱ्या अधिकाऱ्याच्या पगारातून वसूल व्हावा. शेवटी सरकारी तिजोरी म्हणजे आपलाच पैसा; साहेबाच्या चुकीचा दंड आपणच का भरायचा? जबाबदार अधिकाऱ्याकडून वसुली करा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या निकालात सांगितलेच आहे. फक्त वसुली वायरमनपासून सुरू होऊन वायरमनपाशीच संपू नये.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर प्रत्येक गावाने एक वही घालावी. धोक्याच्या तारा, खांब, पूल, बंद पडलेली आरोग्य केंद्रे तिच्यात तारखेनिशी लिहावीत आणि दर तिमाहीला तिची प्रत कचेरीत देऊन पोच घ्यावी. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना ती पोच सोबत आणा.